दोन टक्के

सुईच्या टोकाकडे बघा, मी म्हणते.
भिंगात एक बारीक सुई असते.
नजर तिच्यावर ठरली की वाहिनी हलत नाही
आणि मला तिची रुंदी मोजता येते.

हिल्के वाइडेमा, वय एक्क्याऐंशी.
सरळ रेघा वाकड्या दिसतात का? होय.
फ्रीसलँडमधल्या एका कालव्यावर अडतीस वर्षं
पाण्याची दारं उघडली, मिटली त्यांनी.
हनुवटी टेकवून ते म्हणतात,
"बघायला गेलं की सुई जाते.
नाही बघितलं की असते."

मग जरा डावीकडे बघा. आणखी थोडं.
हं, तिथंच.

पन्नास सेकंद नुसतं थांबायचं.
अंधार, पंख्याची घरघर,
त्यांच्या श्वासाला पेपरमिंटचा वास.
मग हिरवा उजेड थरथरू लागतो,
सेकंदाला बारा वेळा.
ही हाक आहे.
पेशींना काम पडतं, त्या रक्त मागतात,
आणि धमनीनं ते ऐकून
थोडं सैल व्हायचं असतं.
फार नाही. केसाहून जराशी जाड नळी,
तिनं शंभरात तीन-चार भाग रुंद व्हायचं.

"उघडलं का?"
बोलू नका, मी म्हणते, हनुवटी हलते.
आलेख उठतो, विचार बदलल्यासारखा बसतो.
पुन्हा उजेड. पुन्हा तोच उशीर.

सगळ्यात स्पष्ट जिथे दिसतं
त्या ठिपक्यात एकही रक्तवाहिनी नसते.
हे शिकवलं तेव्हा मी वहीत दोनदा लिहून घेतलं होतं.
उजेडाच्या वाटेत यायचं नाही म्हणून
रक्त त्या जागेला वळसा घालून जातं,
आणि तिची भूक भागते मागून,
एका काळपट थरातून, गुपचूप.
तिथं आता पिवळट गाळ साचलाय.
मी मोजते त्या वाहिन्या पुढच्या.
मागचं दुखणं पुढच्यांनी का अंगावर घ्यावं,
किंवा आधी नेमकं कोण थकलं,
आम्हाला माहीत नाही.
ग्रोनिंगनच्या या तळघरात म्हणून तर
मी माणसांना नसलेल्या सुईकडे बघायला लावते.

दिवा लावल्यावर ते आकडा विचारतातच.
"दोन टक्के," मी सांगते.
त्यांच्याकडे त्या आकड्यासाठी जागा तयार असते.
"एका हिवाळ्यात आमचं पश्चिमेचं दार असंच झालं होतं.
बार्जचा भोंगा व्हायचा, मी चाक फिरवायचो,
दार यायचं, पण त्याच्या मनात येईल तेव्हा.
कप्तान शिव्या घालायचे.
मी ओरडून सांगायचो, ऐकलंय त्यानं, येतंय!"

मग काय केलंत?

"काय करणार. भोंगा लवकर वाजवायला सांगितला."

माझ्या फॉर्मवर याला रकाना नाही.
कडेला पेन्सिलनं लिहून ठेवते,
नंतर खोडते, नंतर पुन्हा लिहिते.

बाहेर बाकावर त्यांची चित्स्के.
थेंबांनी रुंदावलेल्या बाहुल्यांत
कॉरिडॉरचे दिवे घुसतात, ते कपाळावर हात धरतात.
"आधी आधी वाटायचं," मागच्या खेपेला ती म्हणाली होती,
"हा बोलतो माझ्याशी आणि बघतो छत्रीकडे.
भांडलेसुद्धा मी."
आता ती उठते, कोटाची बटणं लावते
आणि न सांगता
अर्धं पाऊल बाजूला सरकून उभी राहते.
हिल्के समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघून हसतात.
"तुझी टोपी वाकडी आहे."

ती हात लावून बघते.
टोपी सरळच असते.
तरी जराशी सरळ करते.